दहा किलो घेवड्याचा चकालाका

कोपानो अंत्यविधी सहाय्यक मंडळाची घटना न्ताते (म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत') मोत्सामाई सेबाता यांनी स्वतःच्या हातानं लिहिली होती, आणि त्याच घटनेच्या चौदाव्या कलमानं त्यांना खिंडीत गाठलं. कलम असं होतं: 'मासिक सभेचे जेवण यजमानाच्या पत्नीने स्वतः रांधलेले असावे. विकतचे अन्न चालणार नाही.' एकोणीस वर्षांपूर्वी एका सभासदानं सभेला दुकानातून तळलेल्या कोंबडीचे खोके मागवले होते आणि सेबातांना ते बिलकुल रुचलं नव्हतं. पालिकेच्या पाणीखात्यात उभी हयात गेलेली. एखादी गोष्ट रुचली नाही की तिच्यावर कलम काढायचं, ही त्यांच्या हाताची सवय. त्या वेळी त्यांची बायको दिबुसेंग हयात होती. चकालाका ही तिखट भाजी करण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या कटलेहाँग वस्तीत कुणी नव्हतं. त्यामुळे 'पत्नी' हा शब्द लिहिताना त्यांना पुढचामागचा विचार करायची गरज वाटली नाही.

दिबुसेंगला जाऊन आता चौदा महिने झाले होते. सुतकाचे काळे कपडे उतरवायचा विधीही उरकला होता. आणि ऑगस्टच्या सभेची पाळी होती सेबातांच्या घरची.

जुलैच्या सभेत अध्यक्षा म्मे मात्शिदिसो उठून उभ्या राहिल्या. बाई भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. "कुणाच्या मनाला लागावं म्हणून बोलत नाही," अशी त्यांनी सुरुवात केली, तेव्हाच सेबातांनी ओळखलं की आता आपल्या मनाला लागणार. "पण ज्या घरात बाई नाही, त्या घरावर सभेचा भार टाकणं बरं दिसत नाही. न्ताते सेबातांचं नाव पाळीतून काढून आधारार्थींच्या यादीत घालू या. वर्गणी तीच, हक्क तेच. फक्त त्यांनी आपलं यायचं आणि आयतं जेवायचं."

या आधारार्थींच्या यादीत तोवर दोनच नावं होती. एक गृहस्थ एक्याण्णव वर्षांचे होते आणि त्यांना दरेक सभा आपल्याच मयताची वाटायची. दुसरे खरोखरच वारले होते, पण नाव कमी करण्याचा अर्ज कुणी दिलेला नव्हता. त्या दोघांच्या खाली आपलं नाव, या कल्पनेनं सेबातांचे कान तापले.

"माझं घर बंद पडलेलं नाही," ते म्हणाले. "पाळी माझी आहे. मी घेणार."

"आणि रांधणार कोण?"

"मी."

मागच्या बाकावरची एक बाई खोकली, पण तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. बोलून बसल्यावर सेबातांनाही जरा धडकी भरली, पण माघार घ्यायची नाही हे त्यांनी पक्कं ठरवलं. पाळी गेली म्हणजे काय गेलं, हे त्यांना नीट ठाऊक होतं. पाळी आली की ज्या घरात चाळीस माणसं जेवत नाहीत ते घर कसलं? तो नुसता पत्ता. पाण्याची बिलं येण्यापुरता.

शेवटी तडजोड निघाली. कलम बदलायला दोन सभांची मंजुरी लागते (हेही सेबातांनीच लिहिलेलं), तोवर एक वेळ म्हणून यजमानानं स्वतः रांधावं. मात्र स्वतःच. कुणा बाईचा हात भांड्याला लागल्याचं दिसलं की पाळी रद्द आणि नाव कायमचं यादीत. देखरेखीला निरीक्षक म्हणून शेजारच्या मा झ्वाने यांची नेमणूक झाली. मा झ्वानेंचं घर सेबातांच्या कुंपणाला लागून होतं आणि गेली तीस वर्षं त्या हेच काम नेमणुकीशिवाय करत होत्या.

मांस आणि मक्याचा घाटा यांची कुणाला फिकीर नव्हती. मांस भाजणं पुरुषांचंच काम, ते पलीकडच्या कुंपणाचे शेजारी बाबा म्बाथा बघणार होते. घाट्याला अक्कल लागत नाही, दंड लागतात. सगळ्यांचं लक्ष होतं चकालाकाकडे. कांदा, ढोबळी मिरची, गाजर, तिखट मिरच्या, करी मसाला आणि घेवड्याचे दाणे, एवढाच त्याचा पसारा. पण पानात तो पडला की बाकीच्या जेवणाला तोंड फुटतं, आणि तो बिघडला की अख्खं पान मुकं होतं. घरची परीक्षा तिथेच होते.

दिबुसेंग त्यात टिनाच्या डब्यातला तयार घेवडा घालायची. सेबातांनी शुक्रवारी सकाळी कुंपणाशी उभं राहून तसा विचार बोलून दाखवला, तर खुर्ची टाकून विणत बसलेल्या मा झ्वानेंनी सुईवरची नजरही वर उचलली नाही.

"दिबुसेंगनं टिन फोडलं तर कुणी काही म्हणत नव्हतं, न्ताते. तिला सगळं येत होतं. तुम्ही फोडलंत तर बायका म्हणतील, बघा, मोत्सामाईनं टिन फोडायच्या चावीनं स्वयंपाक केला."

हे सेबातांना झोंबलं. ठरलं तर मग. सुका घेवडा आणायचा, भिजवायचा, शिजवायचा. टिनाचं नाव नको. प्रमाणाचा प्रश्न त्यांना मुळीच अवघड वाटला नाही, कारण हिशेब हा त्यांचा प्रांत. मागच्या खेपेला दिबुसेंगनं चोवीस टिनं फोडली होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं. रिकामी टिनं त्यांनीच कचऱ्यात नेली होती. एका टिनात चारशे दहा ग्रॅम. चोवीस गुणिले चारशे दहा, नऊ किलो आठशे चाळीस. म्हणजे दहा किलो. घराघरातल्या कुठल्याही बाईनं हे गणित ऐकून कपाळाला हात लावला असता, पण सेबातांनी ते कुणाला ऐकवलं नाही. गणित बरोबर असल्यावर ऐकवायचं कशाला?

कोपऱ्यावरच्या दुकानातला तेस्फाये इथिओपियाचा. त्यानं दहा किलोची मागणी ऐकून आदरानं विचारलं, "लग्न आहे का, न्ताते?"

"सभा. चाळीस माणसं."

"मग तीन किलो भरपूर झालं."

सेबातांना वाटलं, याच्याकडे माल कमी दिसतोय. "गणित मी केलेलं आहे," ते म्हणाले. तेस्फायेनं परदेशात दुकान चालवणाऱ्या माणसाच्या शहाणपणानं वाद घातला नाही. पाच किलोच्या दोन पिशव्या काढून दिल्या.

शुक्रवारी संध्याकाळी सेबातांनी तो घेवडा दोन बादल्या आणि एक मोठं पातेलं यांत गळ्यापर्यंत भरला, वर पाणी ओतलं, नीट झाकणं लावली आणि समाधानानं झोपले. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात आले तर झाकणं जमिनीवर होती. घेवडा बादल्यांच्या काठावरून उतरून टेबलावर, टेबलावरून फरशीवर आला होता. एकेक दाणा अंगठ्याएवढा टपोरा. सेबाता दारातच थांबले. काही क्षण त्यांना वाटलं, रात्रीत कुणीतरी येऊन वर आणखी घेवडा ओतून गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की टिनातला घेवडा भिजून शिजलेला असतो आणि आपण वजन केलं ते सुक्याचं. पाणीखात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पाणी पिऊन वस्तू फुगते हे आठवू नये, याची त्यांना स्वतःशीच लाज वाटली. कुंपणापलीकडे मात्र त्यांनी ती दिसू दिली नाही.

"जरा जास्तच भिजवलात," मा झ्वाने म्हणाल्या.

"मुद्दाम," सेबाता म्हणाले. "पाहुण्यांना कमी पडायला नको."

आता एवढं शिजवायचं कशात? घरातलं सगळ्यात मोठं भांडं त्या ढिगापुढे वाटीसारखं दिसत होतं. उपाय एकच: मंडळाचा मोठा हंडा. बिडाचा, तीन पायांचा, दोन माणसांनी उचलायचा. हे हंडे भांडारपाल न्ताते फाकिसोंच्या गॅरेजमध्ये साखळीनं बांधलेले असत. फाकिसो मंडळात आले तेव्हा सेबातांनीच त्यांना नोंदी ठेवायला शिकवलं होतं, आणि ते शिक्षण फार चांगलं झालं होतं.

"नमुना तीन भरा," फाकिसो म्हणाले. "तीन प्रतींत."

नमुना तीन सेबातांनीच आखलेला. पहिला रकाना: मृताचे नाव.

सेबातांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. "अरे, मयत नाहीये. सभेचं जेवण आहे."

"ते मला ठाऊक आहे. पण हंडा मृताच्या नावावर निघतो. रकाना रिकामा ठेवता येत नाही. खाली टीप आहे, तुमच्याच अक्षरात: 'अपूर्ण अर्ज विचारात घेतला जाणार नाही.'"

मग सेबातांनी लिहिलं: 'अद्याप कोणी नाही.' फाकिसोंनी मान हलवली. "असं कसं चालेल? तपासणीत विचारतील, कोणी नाही तर हंडा कशाला?" अखेर नोकरीतली जुनी सवय सेबातांच्या मदतीला आली. त्यांनी ते खोडून नेटक्या अक्षरात लिहिलं: 'नाव मागाहून कळवण्यात येईल.' फाकिसोंचा चेहरा उजळला. नात्याच्या रकान्यात 'जवळचे', दफनभूमीच्या रकान्यात 'निश्चित व्हायचे आहे'. तिन्ही प्रतींवर शिक्के बसले आणि हंडा सुटला.

इथवर सगळं ठीक होतं. पण हंडा नेताना तो गल्लीतून न्यावा लागतो. फाकिसो आणि सेबातांनी तो एका हातगाडीवर चढवला आणि ढकलत निघाले. आमच्या गल्ल्यांतून मंडळाचा मोठा हंडा एकाच कारणानं फिरतो. समोरच्या घरातला म्हातारा टोपी काढून उभा राहिला. एका बाईनं रेडिओ बंद केला. सेबातांनी टोपी काढणाऱ्या म्हाताऱ्याला हात केला. त्यांना वाटलं, आज लोक भलतेच अदबीनं वागताहेत.

त्यांनी अंगणात हंडा मांडून खाली लाकडं पेटवली. ऑगस्टचा वारा बोचरा, म्हणून जुना काळा कोट चढवला. घेवडा रटरटायला लागल्यावर बाहेरच टेबल टाकून कांदे चिरायला बसले. घेवडा तिप्पट झाला म्हटल्यावर कांदाही त्याच प्रमाणात, म्हणजे एक अख्खं पोतं. पहिल्या तीन कांद्यांनाच डोळ्यांतून धार लागली. दहाव्या कांद्याला ते हुंदके देत होते. खांद्यानं नाक पुसायचे, पुन्हा चिरायला घ्यायचे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. हात लावायची बंदी होती, तोंडाला नव्हती. "कांदा पाण्यात बुडवून चिरा," मा झ्वाने एका कुंपणावरून म्हणाल्या. दुसऱ्या कुंपणावरून म्बाथा म्हणाले, "सोन्याच्या खाणीत आमचा मोझांबिकचा स्वयंपाकी तोंडात काडी धरायचा. काडी धर." सेबातांनी काडी धरली. आता ते काडी तोंडात धरून रडत होते. मिरच्यांवरून दोन्ही कुंपणांत जुंपली. मा झ्वाने सहा मिरच्यांवर ठाम होत्या. म्बाथांचं म्हणणं, बोटाएवढ्या लाल मिरच्या मूठभर घातल्याशिवाय चकालाकाला चकालाका म्हणू नये, ते आजाऱ्याचं सूप. सेबातांनी दोघांचाही मान राखायचा म्हणून सहाला तिनानं गुणलं आणि वर एक मूठ घातली.

गाजरं किसून किसून अंगठ्याची साल गेली. तेस्फायेच्या दुकानातली गाजरं संपली तेव्हा तो स्वतः उरलेल्या चार जुड्या घेऊन आला, हंडा बघितला, काळा कोट बघितला, सेबातांचे सुजलेले डोळे बघितले आणि पैसे न घेता, छातीवर हात ठेवून मागच्या पावली परत गेला. सेबातांना त्याचं वागणं चमत्कारिक वाटलं.

दुपारी दोनच्या सुमाराला घेवडा, भाजी आणि मसाला हंड्यात एकजीव व्हायला आला होता. आता दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळायचं, एवढंच काम उरलं होतं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला गाणं उठलं. मयताचं गाणं. चर्चच्या बायका लाल पोलक्यांत, पांढऱ्या टोप्यांत, संथ पावलं टाकत येत होत्या, मागे पुरुष, मागे आणखी बायका. आणि सगळे सेबातांच्या फाटकातून आत शिरले.

सेबातांच्या हातातला डाव थांबला. गाणं म्हणत लोक फाटकातून आत येतात ते एकाच बातमीनं. कोण गेलं? दूर क्वाक्वाला राहणारा थोरला भाऊ डोळ्यांपुढे आला. गुडघ्याचं ऑपरेशन होतं त्याचं, पण गुडघ्यानं माणूस जातो का? जातही असेल. कुणीतरी खुर्ची पुढे केली, त्यात ते मटकन बसले आणि आता कांद्याविना रडायला लागले. ते बघून बायकांनीही सूर वाढवला.

आमच्याकडे मयताच्या घरी गेल्यावर फाटकात उभं राहून कोण गेलं म्हणून कुणी विचारत नाही. ते असभ्यपणाचं. आधी बसायचं, गायचं, प्रार्थना करायची. मग घरचं कुणीतरी हळूहळू सगळं सांगतं. त्यामुळे साठ माणसं सेबाता सांगतील म्हणून थांबली होती, आणि सेबाता ही साठ माणसं सांगतील म्हणून थांबले होते. म्बाथाही कुंपण ओलांडून आले. मा झ्वानेंनी विणकाम ठेवलं आणि आत येऊन डोळे मिटले. सकाळपासून कुंपणाशी बसूनही आपल्याला बातमी कशी कळली नाही, याचाच त्यांना धक्का बसला होता.

गाण्यानंतर प्रार्थना. एकानं सुरू करायची, तो थकला की दुसऱ्यानं उचलायची. सगळे उभे, माना खाली, डोळे बंद. सेबातांचेही डोळे बंद. त्यांच्या नाकाला काहीतरी जाणवत होतं, पण दुःखात माणूस नाकाकडे लक्ष देत नाही. तीन जणांच्या प्रार्थना झाल्या. चौथी मा झ्वानेंनी उचलली.

"हे प्रभो," त्या म्हणाल्या, "तुझ्या या सेवकाकडे बघ. त्याच्या दुःखाकडे बघ. आणि त्याच्या हंड्याकडेही बघ, प्रभो, कारण हंड्याचा तळ लागतो आहे. मला हात लावायची बंदी आहे, हे तुला ठाऊक आहे. तू त्याचे डोळे उघड. लवकर उघड. आच कमी करायची बुद्धी त्याला दे, आणि वरचं वरचं हलक्या हातानं जस्ताच्या टबात काढून घ्यायची शक्ती दे. तळ खरवडायचा मोह त्याला होऊ देऊ नकोस, नाहीतर सगळ्याला करपट वास लागेल."

"आमेन," साठ माणसं म्हणाली.

सेबातांनी डोळे उघडले, झेप घेतली, लाकडं ओढून बाजूला केली आणि डावानं भराभर टबात काढायला लागले. तळाचा चार बोटांचा थर तेवढा सोडून दिला. सगळे माना वर करून बघत राहिले. घरात मयत झालेला माणूस एवढ्या चपळाईनं भाजी काढताना कुणी पाहिला नव्हता. अखेर म्बाथा जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सेबाता, आता सांग. कसं झालं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो," सेबाता म्हणाले. "भाऊ केव्हा गेला?"

"तुझा भाऊ गेला?"

"नाही गेला?"

मग हंड्याचा, कोटाचा आणि कांद्याचा उलगडा व्हायला वेळ लागला नाही. लाल पोलक्यांतली एक बाई तोंडाला रुमाल लावून हसायला लागली, मग दुसरी, मग कुणालाच आवरेना. सेबाता मात्र हातात डाव घेऊन ताठ उभे होते. आपल्या घरी भर दुपारी साठ माणसं चुकून जमावीत आणि आपल्यावर हसावीत, हे त्यांना फार लागलं होतं. चर्चच्या प्रमुख बाईनं ते ओळखलं असावं. ती म्हणाली, "गायलेलं वाया जात नाही, न्ताते. दिबुसेंगसाठी गायलो असं समजू या." सेबातांनी काळा कोट काढून खुर्चीवर टाकला. आणि दारी गाऊन गेलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नसतं, म्हणून त्यांनी पावाच्या लाद्या मागवल्या आणि टबातून चकालाका वाढायला घेतला. साठ माणसांनी घाम पुसत खाल्लं, छान झालंय म्हणाले. मयताला आलेली माणसं कशालाही छानच म्हणतात, हे सेबाता जाणून होते. त्यांनी ते हिशेबात धरलं नाही. टब निम्मा रिकामा झाला एवढं मात्र त्यांनी पाहिलं.

रविवारी दुपारी सभा भरली. चाळीसच्या चाळीस सभासद गणवेशात हजर. बैठकीच्या खोलीत माणसं, ओसरीत माणसं. म्मे मात्शिदिसोंनी पहिला विषय पुकारला: निरीक्षकांचा अहवाल.

"कुणा बाईचा हात भांड्याला लागला नाही," मा झ्वाने म्हणाल्या.

"माझ्या कानावर आलंय की शनिवारी मदत झाली."

"मी प्रार्थना केली."

"प्रार्थनेत टबाचा उल्लेख होता का?"

"होता."

यावर पाऊण तास चर्चा झाली. प्रार्थना ही मदत धरायची की नाही? एका गटाचं म्हणणं, सूचना देणं म्हणजे रांधण्यात भाग घेणं. दुसऱ्याचं म्हणणं, सूचना सेबातांना दिलेलीच नव्हती, देवाला दिली होती. फाकिसोंनी घटना चाळून सांगितलं की देवाबद्दल कलम नाही. सेबाता कोपऱ्यात घामाघूम होऊन ऐकत होते. आपण लिहिलेल्या घटनेत एवढी मोठी उणीव राहिली, आणि ती राहिली हे किती बरं झालं, असं दोन्ही त्यांना एकदम वाटत होतं. हात वर झाले. तेवीस विरुद्ध सतरा. आक्षेप फेटाळला.

मग पानं मांडली. पहिली बाई म्हणाली, "मला अगदी थोडं." दुसरी म्हणाली, "चमचाभर." तिसऱ्यानं पोटावर हात ठेवून सांगितलं की येतानाच खाल्लंय. ओळीनं सगळ्यांनी येतानाच खाल्लेलं. म्मे मात्शिदिसोंनीच तसा निरोप फिरवला होता, घरून जेवून या, बिचाऱ्याची फजिती व्हायला नको. आमच्या बायका कुठल्याही जेवणाला जाताना पर्समध्ये आइस्क्रीमचा एक रिकामा डबा घालून नेतात. जेवण आवडलं तर न बोलता तो पुढे येतो. सेबातांनी बायकांच्या पर्सकडे नजर टाकली. सगळ्या चपट्या. एकीनंही डबा आणला नव्हता. दया करायला आले होते सगळे.

त्यांनी चमचा चमचा वाढलं. स्वतः भिंतीशी उभे राहिले. रात्रभर मुरल्यानं तिखट जरा शहाण्यासारखं वागत होतं, आणि लागलेल्या तळाचा धूर अंगभर बसला होता.

म्मे मात्शिदिसोंनी ताटली पुसून काढली आणि खाली ठेवली.

"तळ लागलाय," त्या म्हणाल्या.

"हो," सेबाता म्हणाले.

"मिरची जास्त आहे. गाजर जाड किसलंय. घेवडा टिनाचा नाही."

"नाही. भिजवलेला आहे."

"दिसतंय." त्यांनी ताटली उचलून पुढे केली. "वाढा अजून. आणि हात असा आखडू नका, मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

मग घरून जेवून आलेली चाळीस माणसं जेवायला बसली. म्बाथांचं मांस संपलं, घाट्याचं पातेलं पुसलं गेलं, टबात डाव खडखडू लागला. तेवढ्यात फाकिसोंच्या बायकोनं आजूबाजूला बघून हळूच विचारलं, "न्ताते, घरात एखादा डबा आहे का हो? आणायचा राहिला." ते ऐकून दुसरी उठली, मग तिसरी. सेबाता स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी वरचं कपाट उघडलं.

त्यात दिबुसेंगचे डबे होते. निळ्या झाकणांचे, एकात एक बसणारे, हप्त्यांनी घेतलेले. ते तिनं कधी कुणाला दिले नव्हते. सख्ख्या बहिणीलाही ती दह्याच्या डब्यात घालून द्यायची. चौदा महिने त्या कपाटाला कुणी हात लावला नव्हता. सेबातांना क्षणभर वाटलं, नको, पाव गुंडाळायचा कागद देऊ. मग त्यांनी सगळी चळत खाली काढली आणि एकेक डबा भरून हातात देत गेले. दिबुसेंगनं आज हे पाहायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं. तिनं डब्यांवरून आधी भांडण काढलं असतं आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं असतं की चकालाका कुणी केलाय, माहीत आहे का. डबे संपल्यावर बरण्या निघाल्या, बरण्यांनंतर कॉफीचे मग. म्मे मात्शिदिसोंनी सगळ्यात मोठा डबा पदरात पाडून घेतला, फाटकापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "पुढच्या ऑगस्टची सभा इथेच धरलीय मी. डबा आठवड्यात आणून देते. चहा ठेवा."

सगळे गेले. अंगणात टब पालथा पडला होता. सेबातांनी सकाळपासून घास खाल्ला नव्हता. हंड्याच्या तळाचा करपलेला थर तेवढा उरला होता. तो त्यांनी चमच्यानं खरवडला आणि उभ्यानंच खाल्ला. कडू लागला. तरी सगळा खाल्ला.

कुंपणावर म्बाथांचं डोकं आलं. "सेबाता, काही उरलंय का? सकाळच्या पावाबरोबर."

पाणीखात्याच्या खिडकीमागे बसून सेबातांनी एकतीस वर्षं लोकांना नाही म्हटलं होतं. मीटर नाही, सवलत नाही, आज साहेब नाहीत. पण इतक्या ताठ मानेनं तो शब्द त्यांनी कधी उच्चारला नव्हता.

"नाही," ते म्हणाले. "दाणासुद्धा नाही."

म्बाथांनी रिकाम्या हंड्याकडे पाहिलं. "मग पुढच्या खेपेला," ते म्हणाले, "जरा जास्त कर."